गणित अभ्यास मंडळाला खुलं पत्र : सिद्धता पाठ करून घेणं थांबवा

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
गणित अभ्यास मंडळ (पदवी)

सविनय नमस्कार.

बीएस्सीच्या गणिताचा नवा मसुदा आमच्या हाती आला आहे. २०२१-२२ मध्ये कर्नाटकात चार वर्षांची पदवी आली आणि २०२४-२५ पासून राज्य सरकारने ती पुन्हा तीन वर्षांची केली. एवढ्या थोड्या काळात अभ्यासक्रम दोनदा हलला. दोन्ही वेळा युनिटं एका सत्रातून दुसऱ्या सत्रात गेली, पेपरांची नावं बदलली, क्रेडिटची जुळवाजुळव झाली. विद्यार्थी गणित म्हणून नेमकं काय करायला शिकतो, हा प्रश्न मात्र दोन्ही वेळा बाजूला राहिला. या मसुद्यात तर ट्यूटोरियलचा तासही काढून टाकला आहे आणि प्रश्नपत्रिकेचा साचा जसाच्या तसा ठेवला आहे. हे आम्हाला मान्य नाही. मसुदा अजून अंतिम झालेला नाही, म्हणूनच हे पत्र आपल्याला आणि सर्वांसमोर लिहीत आहोत.

आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कॉलेजांत गणित शिकवतो. आमच्या वर्गातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात, तेवढीच कन्नड शाळेतून येतात. पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सपासून सगळं इंग्रजीत होतं. पदवी झाली की यातली कितीतरी मुलं-मुली बीएड करून इथल्याच हायस्कुलांत गणित शिकवायला लागतात. त्यामुळे पदवीला जे कच्चं राहतं ते इथेच, पुढच्या पिढीच्या आठवी-नववी-दहावीत उतरतं. आमची कळकळ त्यासाठी आहे.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार परीक्षेबद्दल आहे. ती एका उदाहरणाने सांगतो, कारण मोघम बोलून उपयोग नाही.

‘क्षचा वर्ग हे फंक्शन क्ष = ३ पाशी कंटिन्युअस आहे, हे एप्सिलॉन-डेल्टा व्याख्येने सिद्ध करा.’ हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो. म्हणजे एप्सिलॉन ही कितीही लहान धन संख्या दिली, तरी असा धन डेल्टा दाखवायचा की क्ष ३ पासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असेल तर क्षचा वर्ग ९ पासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहतो. काम तसं छोटं आहे. क्षचा वर्ग वजा ९ म्हणजे (क्ष − ३) गुणिले (क्ष + ३). पहिला अवयव आपल्या ताब्यात आहे, कारण तो डेल्टापेक्षा लहान ठेवायचा हे आपण ठरवतो. दुसऱ्याला आवर घालावा लागतो. म्हणून आधी ठरवायचं की क्ष हा ३ पासून १ पेक्षा कमी अंतरावर असेल. मग क्ष २ आणि ४ च्या मध्ये राहतो आणि क्ष + ३ हा ७ च्या पुढे जात नाही. आता डेल्टा म्हणून १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांतली लहान संख्या घेतली की झालं. एप्सिलॉन ०.१ असेल तर डेल्टा साधारण ०.०१४ येतो.

उत्तरपत्रिकांत मात्र बहुतेक वेळा ‘डेल्टा = एप्सिलॉन भागिले (क्ष + ३)’ असं लिहिलेलं आढळतं. पुढच्या ओळी बरोबर जुळतात, शेवटी ‘एप्सिलॉनपेक्षा कमी’ असं येतं, आणि पूर्ण गुण मिळतात. पण इथे सगळी सिद्धताच कोसळलेली आहे. डेल्टा आधी ठरवायचा असतो, क्ष नंतर येतो. जो अजून आलेलाच नाही, त्याच्यावरून डेल्टा कसा ठरवणार? ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे’ आणि ‘अशी एक किल्ली आहे की जी प्रत्येक कुलपाला लागते’ या दोन वाक्यांत जो फरक आहे तोच इथे आहे. हा फरक मुलांना मराठीत क्षणात कळतो. चिन्हांत लिहिला की दिसेनासा होतो. आणि तो पहिल्या वर्षी दिसला नाही, तर तिसऱ्या वर्षी युनिफॉर्म कंटिन्युइटी (सगळ्या बिंदूंना एकच डेल्टा पुरणं) कळण्याची शक्यता उरत नाही, कारण तिथे सगळा प्रश्न त्या क्रमाचाच आहे. ० ते १० एवढ्यापुरतं पाहिलं तर क्षच्या वर्गाला एप्सिलॉन भागिले २० हा एकच डेल्टा सगळीकडे पुरतो. पूर्ण संख्यारेषेवर कुठलाच एक डेल्टा पुरत नाही. न आणि न अधिक १/न या दोन संख्या घ्या. न वाढेल तसं त्यांच्यातलं अंतर शून्याकडे जातं, पण वर्गांतला फरक २ च्या खाली कधीच येत नाही. आमचा विद्यार्थी दोन्ही व्याख्या घोकून लिहितो. कुठली कुठे लागू होते हे त्याला सांगता येत नाही, आणि परीक्षा ते विचारतही नाही.

याला विद्यार्थी जबाबदार नाही. दहा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका समोर ठेवल्या की पुढच्या वर्षीचा पेपर जवळपास सांगता येतो. पर्याय इतके असतात की एखादं युनिट अख्खं सोडूनही चांगली श्रेणी मिळते. प्रमेय पाठ, सिद्धता पाठ, गणितं आकडे बदललेली. अशा परीक्षेला गाईड आणि क्वेश्चन बँक पुरते. वर्गात आम्ही कितीही समजावून सांगितलं तरी ‘सर, हे परीक्षेला येतं का?’ या प्रश्नापुढे आमचा निरुपाय होतो. मुलाचा हिशोब बरोबरच असतो.

गाईडबद्दल इथेच एक सांगायला हवं. केली-हॅमिल्टन प्रमेय सांगतं की प्रत्येक चौरस मॅट्रिक्स स्वतःचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण पाळते. त्याची एक ‘सिद्धता’ सर्रास फिरते. मॅट्रिक्स अ घ्या, तिचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण म्हणजे (अ − लॅम्डा आय) चा डिटर्मिनंट = ०; इथे लॅम्डा ही संख्या आणि आय ही एकक मॅट्रिक्स. लॅम्डाच्या जागी अ ठेवा, अ − अ = ०, शून्याचा डिटर्मिनंट शून्य, प्रमेय सिद्ध! ही सिद्धता चूक आहे. डिटर्मिनंट काढला की संख्या येते आणि प्रमेय तर मॅट्रिक्सबद्दल बोलतं. ज्याला पटत नाही त्याने हीच युक्ती कर्णबेरजेवर, म्हणजे ट्रेसवर, करून पाहावी. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्ससाठी (अ − लॅम्डा आय) चा ट्रेस म्हणजे अचा ट्रेस वजा लॅम्डाची दुप्पट. लॅम्डाच्या जागी अ ठेवला तर ‘अचा ट्रेस गुणिले आय = अची दुप्पट’ असं निघायला हवं. कर्णावर १ आणि २, बाकी शून्य, अशी मॅट्रिक्स घ्या. एका बाजूला कर्णावर ३ आणि ३ येतात, दुसऱ्या बाजूला २ आणि ४. युक्ती तिथेच फसते. खरी सिद्धता ॲडजॉइंट घेऊन, लॅम्डाच्या प्रत्येक घाताचे गुणक जुळवून करावी लागते. ती एका पानाची आहे आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलाला झेपते. पण मूल्यमापनात दोन्हींना सारखेच गुण मिळत असतील, तर लांबची वाट कोण धरेल?

दुसरी तक्रार: प्रमेयातली गृहीतकं म्हणजे पाठ करायची यादी, असा समज आपल्याच प्रश्नपत्रिकांनी रुजवला आहे. रोलचं प्रमेय सांगतं की फंक्शन बंद इंटर्व्हलवर कंटिन्युअस असेल, आत सगळीकडे डेरिव्हेटिव्ह असेल आणि दोन्ही टोकांना किंमत सारखी असेल, तर आत कुठेतरी डेरिव्हेटिव्ह शून्य होतो. त्यावर ‘क्षचा वर्ग − ५क्ष + ६ या फंक्शनसाठी २ ते ३ मध्ये प्रमेय पडताळा’ असं विचारतात. उत्तर २.५ हे सगळ्यांना येतं. त्याऐवजी क्षचं निरपेक्ष मूल्य −१ ते १ मध्ये द्या. दोन्ही टोकांना किंमत १, पण आत कुठेही डेरिव्हेटिव्ह शून्य नाही. कुठलं गृहीतक मोडलं, ते विचारा. दोन ओळींचं उत्तर आहे आणि समजलेला व न समजलेला यांतला फरक त्यात लगेच दिसतो.

डिफरन्शियल इक्वेशनचंही तसंच. ‘यचा डेरिव्हेटिव्ह = यच्या घनमुळाच्या वर्गाची तिप्पट, आणि क्ष शून्य असताना य शून्य.’ व्हेरिएबल वेगळे करा, इंटिग्रेट करा, य = क्षचा घन असं उत्तर येतं. पण य सगळीकडे शून्य हेही उत्तर आहेच. वेगळे करताना आपण यच्या एका घाताने भागलं, आणि य शून्य असेल तर भागता येत नाही, हे मधल्या पायरीवर कुणी पाहिलं नाही. एकच उत्तर असण्याची हमी कधी मिळते आणि इथे ती का मिळत नाही, हा या पेपरचा गाभा असायला हवा. सध्या तो रीती ओळखायचा आणि सूत्र लावायचा पेपर झाला आहे.

ग्रुप थिअरीत लग्रांजचं प्रमेय (सबग्रुपच्या घटकसंख्येने ग्रुपच्या घटकसंख्येला भाग जातो) सगळे लिहितात. त्याचा व्यत्यास खरा आहे का, असं विचारलं की अर्धा वर्ग ‘हो’ म्हणतो. ‘ए-फोर’ या (चार वस्तूंच्या सम क्रमपरिवर्तनांच्या) १२ घटकांच्या ग्रुपला ६ घटकांचा सबग्रुप नाही, हे पाच ओळींत दाखवता येतं. ६ चा सबग्रुप असता तर त्याचा इंडेक्स २, म्हणून ग्रुपमधल्या प्रत्येक घटकाचा वर्ग त्यात आला असता. तीन-सायकल, म्हणजे तीन वस्तू चक्राकार फिरवणारा घटक, ही नेहमी कुणाचा तरी वर्ग असते. अशा ८ तीन-सायकल आहेत. ८ घटक ६ मध्ये मावत नाहीत. इतकं सुंदर आणि इतकं छोटं काम अभ्यासक्रमात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं नाही, म्हणून ते ‘सिलॅबसबाहेरचं’ ठरतं.

तिसरी तक्रार ट्यूटोरियलबद्दल, आणि इथे सीमाभागाचा प्रश्न थेट येतो. सत्तर-ऐंशी मुलांच्या वर्गात फळ्यावर सिद्धता उतरवून देता येते. मुलाकडून ती लिहून घेऊन कुठल्या ओळीत चुकली हे दाखवता येत नाही. ते काम वीस-पंचवीस जणांच्या ट्यूटोरियलमध्येच होतं. आणि आमच्याकडे ते तीन भाषांत होतं. पुस्तक इंग्रजीत, विचार मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, उत्तर पुन्हा इंग्रजीत. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून आलेल्या मुलीला गणित जड जात नाही, ‘फॉर एव्हरी’ आणि ‘देअर एक्झिस्ट्स’ यांच्या साखळीत ती अडकते. तिला आधी मराठीत बोलू द्या, मग इंग्रजीत लिहायला शिकवा, चार आठवड्यांत फरक पडतो. कन्नड शाळेतून आलेल्या मुलाचीही नेमकी हीच अडचण आहे, त्यामुळे यात कुणी भाषेचं भांडण पाहू नये. परीक्षा इंग्रजीत असण्याला आमचा विरोध नाही. पण जिथे हा पूल बांधता येतो तो एकमेव तास आपण काढून टाकत आहात.

अनेक कॉलेजांत गणित विभाग अतिथी व्याख्यात्यांवर चालतो. त्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते आणि त्यांना तासांवर मोजलं जातं. वेळापत्रकात ट्यूटोरियल नसेल तर त्यांनी ते कुठल्या वेळेत घ्यायचं? नेमणुका आपल्या हातात नाहीत हे आम्ही जाणतो. वेळापत्रकातला तास आपल्या हातात आहे.

प्रॅक्टिकलबद्दल थोडक्यात. सायलॅब, मॅक्सिमा, पायथन ही फुकट मिळणारी साधनं अभ्यासक्रमात आली, हे चांगलं झालं. पण लॅबमध्ये दिलेला प्रोग्राम टाइप करायचा, आउटपुट रेकॉर्ड बुकात उतरवायचं आणि सही घ्यायची, एवढंच चालतं. त्याऐवजी १ + १/२ + १/३ + १/४ … ही सिरीज द्या. बेरीज ५ च्या पुढे कितव्या पदाला जाते? ८३ व्या. १० च्या पुढे? १२,३६७ व्या. पडद्यावर पाहणाऱ्याला ती थांबत आली असंच वाटतं. रेशो टेस्ट (लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर पाहणं) लावली तर लिमिट १ येतं, म्हणजे टेस्ट काहीच सांगत नाही, आणि आमची मुलं तिथे बेधडक ‘कन्व्हर्जंट’ लिहितात. मग वहीत गट पाडायचे: १/३ + १/४ हे अर्ध्यापेक्षा जास्त, पुढची चार पदं मिळून अर्ध्यापेक्षा जास्त, पुढची आठ पदं मिळून पुन्हा अर्ध्यापेक्षा जास्त. बेरीज कुठलीही मर्यादा ओलांडणार. संगणक काय दाखवतो आणि सिद्धता काय सांगते, दोन्ही एकाच तासात समोर येतात. असे दहा प्रयोग सत्राला पुरे आहेत. ते तयार करून द्यायची आमची तयारी आहे.

या सगळ्याची किंमत मुलांना नंतर मोजावी लागते. एमएस्सीसाठी इथली मुलं धारवाडला जातात, कोल्हापूरला जातात, काही जॅमला (आयआयटीसारख्या संस्थांच्या एमएस्सी प्रवेशपरीक्षेला) बसतात. जॅमच्या गणिताच्या पेपरात ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यातल्या ब विभागातल्या १० प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे बरोबर पर्याय निवडल्याशिवाय गुण मिळत नाहीत. ‘कंटिन्युअस आहे, मग बाउंडेड आहे का? बंद इंटर्व्हलवर आहे का? उघड्या इंटर्व्हलवर काय?’ असा विचार करायची सवय नसलेला प्रथम श्रेणीतला विद्यार्थी तिथे गडबडतो. मार्कशीट बघून त्याला वाटतं आपल्याला गणित येतं. तीन वर्षांनी, तेही परक्या गावात, त्याला उलटं कळतं. हे आपण त्याला पहिल्या सत्रातच कळू द्यायला हवं होतं, म्हणजे सुधारायला वेळ मिळाला असता.

आणि जे शिक्षक होतात त्यांचं काय? दहावीच्या वर्गात वर्गमूळ २ अपरिमेय आहे, हे सिद्ध करून दाखवावं लागतं. पुस्तकातली सिद्धता फळ्यावर लिहिता येते. पण एखाद्या हुशार मुलीने विचारलं, ‘बाई, हीच सिद्धता वर्गमूळ ४ ला का चालत नाही?’ तर? उत्तर एका ओळीत आहे: ‘पच्या वर्गाला ४ ने भाग जातो म्हणून पला ४ ने भाग जातो’ ही पायरी खोटी आहे, प = २ घेऊन बघा. २ ही मूळ संख्या आहे, ४ नाही, सगळं त्यावरच उभं आहे. बीएस्सी गणित झालेल्या प्रत्येकाला हे उभ्या उभ्या सांगता यायला हवं. आजच्या पदवीत असा प्रश्न एकदाही समोर न येता तीन वर्षं पार पडू शकतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिल्या सत्रात ‘व्याख्या आणि सिद्धता’ यासाठी निदान एक पूर्ण युनिट ठेवावं. विधानं आणि त्यांचा नकार, ‘प्रत्येक’ आणि ‘अस्तित्वात आहे’ यांचा क्रम, व्यत्यास, प्रतिउदाहरण, विरोधाभासाने सिद्धता, इंडक्शन, एवढंच त्यात असावं. जागा करण्यासाठी कॅल्क्युलसमधली पीयूसीला झालेली सूत्रांची उजळणी कमी करावी. ती दोनदा शिकवली जाते.

प्रत्येक थिअरी पेपरला आठवड्यातून एक ट्यूटोरियल तास वेळापत्रकात लिहून द्यावा, तुकडी पंचविसाच्या आत. या तासात मराठी किंवा कन्नडमध्ये चर्चा करायला मुभा आहे, असं अभ्यासक्रमातच नमूद करावं.

प्रश्नपत्रिकेत किमान ३० टक्के गुण न पाहिलेल्या प्रश्नांना असावेत: उदाहरण द्या, प्रतिउदाहरण द्या, दिलेल्या सिद्धतेतली चुकीची ओळ शोधा. दहा गुणांच्या प्रमेयाचे गुण फोडून छापावेत. आमची सूचना अशी की व्याख्येला २, बसणारं आणि न बसणारं उदाहरण यांना २, सिद्धतेला ४, आणि प्रत्येक गृहीतक कुठल्या पायरीला वापरलं हे सांगण्याला २. पर्याय युनिटच्या आत द्यावेत, युनिट सोडण्यासाठी नकोत.

पेपर तपासणाऱ्यांसाठी नमुना उत्तरं आणि नेहमीच्या चुकांची यादी काढावी. डेल्टामध्ये क्ष आला तर किती गुण कापायचे, हे एका केंद्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं होता कामा नये.

इंग्रजी-कन्नड-मराठी पारिभाषिक शब्दांची एक छोटी पुस्तिका विद्यापीठाने काढावी, पहिल्या वर्षाला लागणाऱ्या दोन-अडीचशे शब्दांची. प्रत्येक शब्दासमोर व्याख्या आणि एक उदाहरण असावं, नुसता प्रतिशब्द नको. कच्चा मजकूर आम्ही आणि आमचे कन्नड सहकारी मिळून देऊ.

या बदलांना इमारत लागत नाही आणि यंत्रसामग्रीही लागत नाही. प्रश्नपत्रिकेचा साचा बदलायला आपली एक बैठक पुरते. एकदम सगळं शक्य नसेल तर पहिल्या सत्राच्या एका पेपरपासून सुरुवात करावी. त्या पेपरच्या दोन नमुना प्रश्नपत्रिका, गुणवाटपासह, आम्ही सोबत पाठवत आहोत.

मसुद्यावर शेवटचा निर्णय घेण्याआधी आपण आम्हाला एकदा चर्चेला बोलवावं. सोबत पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचे दोन-दोन विद्यार्थीही असावेत, मराठी आणि कन्नड दोन्ही शाळांतून आलेले. तारीख आपण ठरवा, आम्ही हजर राहू.

आपले विश्वासू,
सीमाभागातल्या पदवी महाविद्यालयांतले गणिताचे शिक्षक